औषधांची आडनावं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आईबाबांच्या औषधांचा आमच्याकडे एक मोठा डबा आहे. महिन्याची औषधं नाहूर स्टेशनजवळच्या मेडिकलमधून मी आणते आणि डब्यात लावून ठेवते. लावताना एक गोष्ट लक्षात आली. बाबांच्या स्ट्रिपवर टेल्मिसार्टन लिहिलेलं आहे, आईच्या स्ट्रिपवर ओल्मेसार्टन आणि शेजारच्या काकांच्या स्ट्रिपवर लोसार्टन. बाबांची दुसरी गोळी मेटोप्रोलॉल, मामांची बिसोप्रोलॉल. आईची कोलेस्टेरॉलची गोळी रोझुवास्टॅटिन, बाबांची अटोर्वास्टॅटिन. कंपन्या वेगवेगळ्या, ब्रँडची नावं वेगवेगळी, मग या लांबलचक इंग्रजी नावांचा शेवट सारखा कसा? हा योगायोग आहे की त्या अक्षरांना काही अर्थ असतो?
— एक वाचक, नाहूर (पश्चिम)

उत्तर : हा योगायोग नाही. ती अक्षरं जाणूनबुजून ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे.

प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. पहिलं रासायनिक नाव. ते इतकं लांब असतं की रसायनशास्त्रज्ञांखेरीज कोणी त्याच्या वाटेला जात नाही. तिसरं कंपनीने ठेवलेलं ब्रँडचं नाव. एकाच औषधाची अशी डझनावारी नावं बाजारात असतात. या दोन्हींच्या मधलं ते जेनेरिक नाव. तुम्ही स्ट्रिपवर वाचलंत ते हेच. औषध कोणत्याही कंपनीचं असो, हे नाव बदलत नाही.

जेनेरिक नावं जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली ठरतात. एकच औषध एका देशात एका नावाने आणि दुसऱ्या देशात भलत्याच नावाने विकलं जाऊ लागल्यावर डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही गोंधळ होऊ लागला. म्हणून संघटनेने १९५० साली ठराव केला आणि १९५३ साली नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. आज या यादीत सात हजारांहून जास्त नावं आहेत. नवं औषध तयार करणारी कंपनी नाव सुचवते आणि तज्ज्ञांची समिती ते तपासते. नावाचा पुढचा भाग ठरवण्याची कंपनीला बरीचशी मोकळीक असते. मात्र औषध ज्या गटातलं असेल, त्या गटाची ठरलेली अक्षरं नावात यावीच लागतात, आणि ती बहुधा शेवटी येतात.

आपल्या आडनावांसारखंच हे आहे. बारशाला नाव आवडीचं ठेवतात, आडनाव मात्र घराण्याकडून येतं. टेल्मी, ओल्मे आणि लो ही नावं, तर ‘सार्टन’ हे घराणं.

तुमच्या डब्यात सापडतील अशी काही घराणी पाहू.

सार्टन : रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याला त्याच्या जागी बसू न देणारी रक्तदाबाची औषधं. यातलं पहिलं लोसार्टन, ते १९९५ साली बाजारात आलं.

प्रिल : तेच अँजिओटेन्सिन शरीरात तयार होण्याच्या टप्प्यावर अडवणारी औषधं, उदाहरणार्थ रामिप्रिल, एनालाप्रिल.

ओलॉल : हृदयावरचा अॅड्रिनलिनचा प्रभाव कमी करून ठोके संथ करणारी औषधं, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल.

डिपिन : रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू न देता त्या सैल करणारी औषधं, अम्लोडिपिन, सिल्निडिपिन.

वास्टॅटिन : यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम रोखणारी औषधं.

प्राझोल : पोटात आम्ल सोडणारे ‘पंप’ बंद करणारी औषधं, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल.

ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन : मधुमेहाच्या औषधांची दोन वेगळी घराणी. सिटाग्लिप्टिन आणि विल्डाग्लिप्टिन जेवणानंतर इन्सुलिन स्रवायला मदत करतात. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात.

या अक्षरांमागे बरेचदा शोधाचा इतिहास असतो. ग्लिफ्लोझिनमधलं ‘फ्लोझिन’ आलं फ्लोरिझिन या द्रव्याच्या नावावरून. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून ते १८३५ साली वेगळं करण्यात आलं होतं. ‘प्रिल’ घराण्याचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाने रक्तदाब इतका का उतरतो, या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ त्याच्यापर्यंत पोचले.

यातली एक गोष्ट मुंबईची आहे, आणि ती प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असायला हवी. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत असलेली सर्पगंधा त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. लॅटिनमधला ‘सर्पेन्स’ आणि संस्कृतातला ‘सर्प’ एकाच मुळातून आले आहेत. म्हणजे ‘रिसर्पिन’ या इंग्रजी नावाच्या मधोमध आपला सर्प बसलेला आहे. जागतिक यादीत ‘सर्पिन’ हे आजही एक मान्य घराणं आहे.

आता एक इशारा. शेवटची सारखी अक्षरं पाहून दर वेळी नातं जोडू नका. ‘नायस्टॅटिन’चा कोलेस्टेरॉलशी काहीही संबंध नाही. ते बुरशीवरचं औषध आहे. न्यूयॉर्क स्टेटच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं आणि राज्याच्या नावाची आद्याक्षरं त्याला दिली. ‘अॅरिपिप्राझोल’ आम्लपित्तावरचं वाटतं, पण ते मानसिक आजारांवर देतात. ‘स्टॅनोझोलॉल’चा शेवटही ‘ओलॉल’च, पण ते स्नायू वाढवणारं स्टेरॉइड आहे. १९८८ सालच्या सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीतलं बेन जॉन्सनचं सुवर्णपदक गेलं ते याच्यामुळे. आणि त्याच वर्षी खऱ्या ‘ओलॉल’ घराण्याचे जनक जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

याचा घरात उपयोग काय? दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन्हींचा शेवट ‘सार्टन’ असला, तर एकाच घराण्याचं औषध दोनदा पोटात जातंय का, हे लगेच विचारता येतं. दम्याच्या रुग्णाच्या चिठ्ठीत ‘ओलॉल’ दिसलं, तर दम्याची कल्पना डॉक्टरांना आहे ना, याची खात्री करून घेता येते. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गर्भारपणात चालत नाहीत, म्हणून घरात कोणाला दिवस गेले तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी. मात्र घराणं ओळखलं म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, की एकीच्या जागी दुसरी सुरू करू नका. काकांची लोसार्टन बाबांना चालेल, असा हिशेब कधीच करायचा नाही. मात्रा, मूत्रपिंडाची स्थिती, बरोबरची औषधं हे सगळं पाहून डॉक्टर निवड करतात. आपलं काम आहे ते नेमका प्रश्न विचारण्याचं.

प्रश्न : मला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे. अँटिबायोटिक घेताना नावावरून काही कळू शकतं का? ‘मायसिन’ म्हणजे पेनिसिलिनच ना?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : नाही, ती दोन वेगळी घराणी आहेत, आणि तुमच्यासाठी तर हा फरक फार मोलाचा आहे.

‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनचं घराणं : अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरॅसिलिन. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या माणसाने यातलं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. नावाची सुरुवात ‘सेफ’ने होत असेल, म्हणजे सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन वगैरे, तरी सांगा. ती चुलत घराण्यातली आहेत आणि काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो.

‘मायसिन’ची औषधं स्ट्रेप्टोमायसिस या जातीच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळाली. क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन याच जिवाणूंचं. १९४३ साली ते हाती लागलं आणि सेलमन वॅक्समन यांना त्याबद्दल १९५२ साली नोबेल मिळालं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये इथे एक बारकावा आहे. स्ट्रेप्टोमायसिनमध्ये ‘एम’नंतर ‘वाय’ येतो, तर जेंटामायसिनमध्ये ‘आय’. उच्चार सारखाच, पण जेंटामायसिन मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्याच जिवाणूपासून आलं. ते कळावं म्हणून नाव ठेवणाऱ्यांनी एक अक्षर बदललं.

महाराष्ट्राचाही या घराण्यात वाटा आहे. देशात पेनिसिलिन तयार व्हावं म्हणून १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या नोंदींत पिंपरी गावाचं नाव असं कायमचं कोरलं गेलं आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर एका कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी एका डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलं होतं, दुसऱ्यांनी अॅसिक्लोफेनॅक. एकच औषध आहे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : औषधं दोन, पण सख्खी भावंडं. ‘फेनॅक’ हे वेदनाशामकांचं घराणं. ‘प्रोफेन’ (आयब्युप्रोफेन, कीटोप्रोफेन), ‘कॉक्सिब’ (एटोरिकॉक्सिब) आणि ‘ऑक्सिकॅम’ (मेलॉक्सिकॅम) ही त्याचीच भाऊबंद घराणी. यातली दोन औषधं एका वेळी घेतली तर वेदना दुपटीने कमी होत नाहीत. पोटात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र वाढतो.

‘फेनॅक’ या अक्षरांना किती वजन आहे, हे गिधाडांनी आपल्याला शिकवलं. जनावरांना डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, मेलेल्या जनावराचं मांस गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. भारतातली गिधाडं काही वर्षांत जवळपास नाहीशी झाली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या पारशी अंत्यविधींची शतकांची घडी त्यामुळे विस्कटली. हे कारण २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण त्याच्या जागी अॅसिक्लोफेनॅक वापरलं जाऊ लागलं. गाईम्हशींच्या शरीरात अॅसिक्लोफेनॅकचं रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होतं. अखेर २०२३ साली त्यावर आणि कीटोप्रोफेनवरही बंदी घालावी लागली. गिधाडांना सुरक्षित ठरलं ते दुसऱ्या घराण्यातलं मेलॉक्सिकॅम.

प्रश्न : हॉस्पिटलच्या बोर्डांवरचे आणि फायलींमधले लांब शब्द ओळखायची काही युक्ती आहे का?
— एक वाचक, नाहूर (पूर्व)

उत्तर : आहे. शब्द शेवटाकडून वाचायचा. काय झालंय किंवा काय करणार आहेत, हे शेवट सांगतो. शरीराच्या कोणत्या भागात, हे सुरुवात सांगते.

‘आयटिस’ म्हणजे दाह : टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस, म्हणजे अनुक्रमे टॉन्सिलचा, जठराचा, सांध्याचा. ‘स्कोपी’ म्हणजे नळीने आत पाहणं. ‘ग्राफी’ म्हणजे चित्र काढण्याची तपासणी आणि ‘ग्रॅम’ म्हणजे हाती आलेलं चित्र. ‘प्लास्टी’ म्हणजे बिघडलेला आकार नीट करणं. म्हणून अँजिओग्राफीत रक्तवाहिनीतला अडथळा पाहतात आणि अँजिओप्लास्टीत ती रुंद करतात. फोनवर नातेवाइकांना सांगताना या दोन शब्दांची गल्लत घराघरांत होते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात उगाच गोळा येतो.

शस्त्रक्रियांच्या नावांचे तीन शेवट जपून वाचा. ‘ऑटमी’ म्हणजे छेद देणं : लॅपरॉटमीत पोट उघडतात. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणं : हिस्टरेक्टमीत गर्भाशय काढतात. ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड तयार करून ठेवणं : कोलॉस्टमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात. उच्चार मिळतेजुळते आहेत, पण रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावर होणारा परिणाम फार वेगळा आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी हा शेवट वाचा आणि समजला नाही तर मराठीत समजावून मागा.

सरावासाठी दोन लांब शब्द घेऊ. ‘कोलेसिस्टेक्टमी’मध्ये कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी आणि एक्टमी म्हणजे काढणं. पित्ताशयातल्या खड्यांसाठी होते ती ही शस्त्रक्रिया. ‘ऑटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट’मध्ये ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो म्हणजे नाक, लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र आणि लॉजिस्ट म्हणजे त्या शास्त्राचा जाणकार. थोडक्यात, आपले कान-नाक-घसा तज्ज्ञ. इंग्रजीत गेंड्याला ‘ऱ्हायनोसेरॉस’ म्हणतात, त्यातही हेच नाक आहे : नाकावर शिंग असलेला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई इथे आली तेव्हा तिला तापासाठी पॅरासिटामॉल हवं होतं. दुकानात त्या नावाचं औषधच मिळेना. शेवटी अॅसिटामिनोफेन दिलं. हे तेच आहे का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : अगदी तेच. रासायनिक नाव पॅरा-अॅसिटिल-अॅमिनो-फिनॉल. त्यातली काही अक्षरं ठेवून आणि काही गाळून भारतात आणि ब्रिटनमध्ये ‘पॅरासिटामॉल’ झालं. त्याच नावातली दुसरी अक्षरं उचलून अमेरिकेत ‘अॅसिटामिनोफेन’ झालं. म्हणून भारतातून आणलेल्या क्रोसिनबरोबर तिथली अॅसिटामिनोफेनची गोळी देऊ नका. मात्रा दुप्पट होते आणि त्याची झळ यकृताला बसते. सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही बहुधा हेच असतं. लेबल पाहूनच द्या.

दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं आणि अॅड्रिनलिनचं एपिनेफ्रिन होतं. या शेवटच्या जोडीत तर अर्थही एकच आहे. ‘अॅड-रीनल’ हे लॅटिन, ‘एपि-नेफ्र’ हे ग्रीक, दोन्हींचा अर्थ मूत्रपिंडालगतचं. आपल्या मराठी शरीरशास्त्राच्या पुस्तकांत ज्या ग्रंथीला ‘अधिवृक्क’ म्हणतात, तिच्यातूनच हे द्रव्य स्रवतं, आणि अधि + वृक्क ही फोडही तीच आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. इंग्रजीतला सगळ्यांत लांब शब्द कोणता आणि त्याचा अर्थ काय?
— एक विद्यार्थी, नाहूर

उत्तर : मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत सापडणारा सर्वांत लांब शब्द ४५ अक्षरांचा आहे : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस. घाबरू नकोस, फोड कर. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही न दिसण्याइतकं बारीक, सिलिको म्हणजे वाळूतली सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनी म्हणजे धूळ आणि ऑसिस म्हणजे आजाराची अवस्था. ज्वालामुखीची अतिबारीक सिलिका धूळ श्वासाबरोबर गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार. अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली हा शब्द मुद्दाम लांब व्हावा म्हणून घडवला. डॉक्टर या आजाराला साधं ‘सिलिकोसिस’ म्हणतात. दगडाच्या खाणींत आणि क्रशरवर काम करणाऱ्यांना तो खरोखरच होतो.

दुसरा मजेशीर शब्द २९ अक्षरांचा : फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. ‘क्षुल्लक’ अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनला. इंग्रजीत लिहून बघ : ‘आय’ हे अक्षर त्यात नऊ वेळा येतं आणि ‘ई’ एकदाही येत नाही.

आणि हेही वहीत टिपून ठेव. विजयनगरच्या तिरुमलांबा या राणीने सोळाव्या शतकात लिहिलेल्या संस्कृत काव्यात कांची परिसराचं वर्णन करणारा एकच समास १९५ अक्षरांचा आहे. लांब शब्दांचा जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली आहे.

प्रश्न : आपल्या मुलुंड-नाहूर भागातून एखादं औषध निघालं आहे का? आणि नावावरून औषध ओळखण्याची पद्धत आपल्या परंपरेत होती का?
— एक निवृत्त शिक्षक, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभिमानाने द्यावं असं आहे. एके काळी मुलुंड ही औषध कंपन्यांची वस्ती होती. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात भारतीय वनस्पतींची शिस्तशीर छाननी झाली आणि कोलियस फोर्सकोली या वनस्पतीच्या मुळांतून एक नवं द्रव्य मिळालं. १९७७ साली त्याची रचना जगापुढे मांडली गेली. त्याचं नाव फोर्सकोलिन. अठराव्या शतकातले निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्सकाल यांच्या सन्मानार्थ वनस्पतीला नाव मिळालं होतं, तेच द्रव्यात उतरलं. जागतिक यादीत ते ‘कोलफोर्सिन’ आहे : कोलियसमधला कोल आणि फोर्सकोलीमधला फोर्स. पेशींच्या आत निरोप कसे पोचतात, याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आज जगभर हे द्रव्य वापरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आयुर्वेदाच्या दुकानातल्या फळीवर आहे. चूर्ण, वटी, घृत, तैल, भस्म, गुग्गुळ, आसव, अरिष्ट. पुढे बहुधा वनस्पतीचं नाव आणि शेवटी औषधाचा प्रकार. त्रिफळा चूर्णाची पूड असते, चंद्रप्रभा वटीची गोळी आणि शतावरी घृताचं तूप. आसव आणि अरिष्ट दोन्ही आंबवलेलीच, पण परंपरेने न उकळता केलेलं ते आसव आणि आधी काढा करून मग आंबवलेलं ते अरिष्ट. म्हणून कुमारी आसव आणि दशमूलारिष्ट. आपल्या आज्यांना हे शेवट तोंडपाठ होते. शेवटाकडून नाव वाचण्याची सवय मराठी घरांना नवी नाही, फक्त घराणी नवी आली आहेत.

ती ओळखणं पूर्वीपेक्षा सोपंही झालं आहे. २०१८ साली लागू झालेल्या नियमानुसार बहुतेक औषधांवर जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. जन औषधी केंद्रांत तर औषध याच नावाने मिळतं.

तेव्हा सगळ्याच वाचकांना एक विनंती. या रविवारी घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची जेनेरिक नावं एका कागदावर लिहून काढा. नावापुढे मात्रा लिहा, कोणत्या आजारासाठी ते लिहा आणि कोणाला कशाची अॅलर्जी आहे तेही लिहा. सारखे शेवट दिसले तर त्यांच्याखाली रेघ मारा. हा कागद पाकिटात ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात की सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे ठेवा. ही नावं जगभरच्या डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यांना एकमेकांचं म्हणणं कळावं म्हणून घडवली गेली. गोळी गिळणाऱ्या माणसालाही ती वाचता यायला हवीत, तो त्याचा हक्कच आहे.